सीक्वेलमध्ये सगळं वाढलं आणि मजा कमी झाली: एका गेमचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण मी आतून पाहिलंय, लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या जागा रचणं, माझ्याकडे होतं. गेमचं नाव किंवा टीममधल्यांची नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत, पण निर्णय आणि चुका जशा झाल्या तशाच लिहितोय. "सीक्वेल चांगलाय, पण पहिल्याची मजा नाही" हे आपण सगळेच कधी ना कधी बोलतो आणि विषय तिथेच सोडून देतो. आम्हाला तो सोडून देता येत नव्हता, कारण ते वाक्य आमच्याच गेमबद्दल होतं आणि रिलीजला चार महिने राहिले होते.

पार्श्वभूमी

पहिला भाग आम्ही तिघांनी केला. बाजूने दिसणारा टू-डी गेम, एक छोटं पात्र, त्याच्याकडे आकडा लावलेला दोर. आकडा छताला फेकायचा, झोका घ्यायचा, नेमक्या क्षणी सोडायचा आणि काट्यांना न लागता पलीकडच्या दारात पोचायचं. एक खोली म्हणजे एक स्क्रीन, अशा ६० खोल्या. मेलात की लगेच त्याच खोलीच्या सुरुवातीला परत उभे. नकाशा नाही, दुकान नाही, संवाद नाहीत.

हे इतकं आटोपशीर ठेवण्यामागे काही मोठा विचार नव्हता. हलणाऱ्या कॅमेऱ्याचा कोड लिहायला वेळ नव्हता म्हणून खोली स्क्रीनएवढी, आणि दोराचे प्रकार करायला वेळ नव्हता म्हणून दोर कायम एकाच लांबीचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. गेम चालला हे आम्हाला माहीत होतं, का चालला हे कधी बसून लिहिलंच नाही.

गेम लोकांना आवडला, मेसेज यायला लागले, आणि त्यात मागण्या होत्या. मोठ्या लेव्हल हव्यात, वेगवेगळे दोर हवेत, अपग्रेड हवेत, गोष्ट हवी, नकाशा हवा. आम्ही अगदी मनापासून सगळं एका शीटमध्ये भरलं, कुठली मागणी किती वेळा आली ते मोजलं आणि सीक्वेलचा प्लॅन त्या शीटच्या वरून खाली असा बनवला. टीम नऊ जणांची झाली, इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, नवीन घेतलं, जवळपास तीन वर्षं काम चाललं.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण आणि तेव्हा तो निर्णय आहे असं वाटलंसुद्धा नाही. लोकांचं ऐकतोय, यात चुकायचं काय? पण लोक जे नाहीये ते मागतात, जे आहे आणि बरोबर बसलंय त्याबद्दल कोणी मेसेज करत नाही. "दोराची लांबी एकच आहे हे फार बरं झालं" असं एकाही माणसाने लिहिलं नव्हतं, म्हणून ते शीटमध्ये नव्हतं, म्हणून ते प्लॅनमध्ये नव्हतं.

अडचण

रिलीजच्या चार महिने आधी पहिला भाग पूर्ण केलेल्या खेळाडूंना सीक्वेल खेळायला दिला. फॉर्म भरून आले ते वाचून आम्ही खूश, ग्राफिक्स, संगीत, गोष्ट, सगळ्याला पाचपैकी चार किंवा जास्त. मग रेकॉर्डिंग बघायला बसलो आणि पोटात गोळा आला. माणसं वीस-पंचवीस मिनिटं खेळत होती आणि शांतपणे बंद करत होती. चिडून नाही, अडकून पण नाही. पहिल्या भागाच्या वेळी लोक "अजून एकच खोली" करत रात्र काढायचे, इथे एखादी खोली संपली की माणूस मागे टेकायचा, मोबाईल बघायचा आणि मग गेम बंद.

एका जुन्या खेळाडूचा मेसेज आला तो मला अजून तोंडपाठ आहे. सगळं छान झालंय, दिसतं तर कितीतरी भारी, पण काय झालं माहीत नाही, अर्ध्या तासाने मी पहिलाच भाग काढला आणि तोच खेळत बसलो.

टीममध्ये लगेच तीन बाजू पडल्या. एक म्हणे ही नुसती आठवणींची ओढ आहे, पहिल्या वेळी जे वाटलं ते परत कसं वाटणार. दुसरी म्हणे अवघड झालाय, सोपा करा. तिसरी म्हणे टेस्टर दमलेत, फॉर्मवरचे मार्क बघा आणि पुढे चला. तिन्ही बाजूंकडे पुरावा शून्य होता, नुसता आवाज.

आठवण की खरंच काही बिघडलंय?

इथे आम्ही एक गोष्ट बरोबर केली. दोन्ही भाग अजिबात न खेळलेली बारा माणसं गोळा केली. सहा जणांना आधी पहिला भाग दिला आणि मग दुसरा, उरलेल्या सहांना उलट. प्रत्येकी चाळीस-चाळीस मिनिटं. नंतर म्हटलं, आता वीस मिनिटं मोकळी आहेत, जे हवं ते खेळा, आणि आम्ही खोलीबाहेर गेलो. बारापैकी नऊ जणांनी पहिला भाग उघडला.

बारा माणसांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे कळतं. पण यांच्याकडे आठवणच नव्हती तर ओढ कसली? ती सबब निदान अर्धी तरी संपली.

अर्धीच, कारण आठवणींच्या ओढीची बाजू पण थोडी खरी निघाली. त्या जुन्या खेळाडूंना आम्ही पहिला भाग नव्याने खेळायला सांगितला, तर त्यातल्या काहींनी कबूल केलं की चांगला आहेच, पण आठवत होता तेवढा नाही. राफ कॉस्टर नावाचे गेम डिझायनर सांगतात की गेममधली मजा म्हणजे मेंदूचं शिकणं असतं, एखादी पद्धत पूर्ण उमगली की मेंदूला तिच्यात रस राहत नाही. आमच्या गेममध्ये हे बोट ठेवून दाखवता येतं. झोक्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला दोर सोडला की माणूस सपाट लांब जातो आणि वर चढताना सोडला की उंच उडतो, हे पहिल्या भागात बहुतेकांना साधारण नवव्या खोलीत स्वतःच्या हाताने कळायचं, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या क्षणी माणसं अक्षरशः हसायची. तो क्षण एकदाच येतो. सीक्वेलमध्ये जुना खेळाडू पहिल्याच मिनिटाला ते करत होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.

तेवढा वाटा आमच्या हातातला नव्हता हे मान्य करून टाकलं. उरलेला होता, आणि बारापैकी ते नऊ जण त्या उरलेल्यामुळेच पहिल्या भागाकडे वळले होते.

घड्याळ लावून बघितलं तेव्हा

मी आणि आमचा प्रोग्रामर, आम्ही दोघं एका संध्याकाळी दोन स्क्रीन शेजारी लावून बसलो. डावीकडे पहिला भाग, उजवीकडे दुसरा, दोन्हीकडे नवीन खेळाडूचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग. प्रत्येक सेकंदाला खेळाडू काय करतोय ते कागदावर लिहायचं ठरलं: हवेत आहे, चालतोय, थांबलाय, वाचतोय, मेनूत आहे. कंटाळवाणं काम आहे, पण गेम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावंच.

पहिल्या भागात दहापैकी जवळपास आठ मिनिटं माणूस दोरावर किंवा उडीत होता. दुसऱ्या भागात चारसुद्धा नाहीत. उरलेला वेळ कुठे गेला? नाणी गोळा करण्यात, नकाशा उघडण्यात, म्हाताऱ्या दीपस्तंभवाल्याचे संवाद वाचण्यात, आणि सगळ्यात जास्त, मेल्यानंतर परत त्याच जागी चालत येण्यात.

मेल्यापासून पुढची उडी मारेपर्यंतचा वेळ मोजला. पहिल्या भागात एका सेकंदाच्या आत. दुसऱ्यात पडण्याचं सुंदर ॲनिमेशन, मग स्क्रीन काळी, मग चेकपॉइंट (मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा), मग तिथून चालत, सरासरी ११ सेकंद. ११ सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण अवघड जागी माणूस आरामात चाळीस वेळा मरतो, म्हणजे ४४० सेकंद, सात मिनिटांहून जास्त निव्वळ वाट बघणं आणि चालणं, आणि तेही त्याच रस्त्याने. २०१० चा 'सुपर मीट बॉय' किंवा २०१८ चा 'सेलेस्ट' इतके कठीण असून माणूस चिडून सोडत नाही यामागे हे मोठं कारण आहे, मेलात की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत तिथेच. मनात चूक ताजी असतानाच हात पुन्हा प्रयत्न करतो. आमच्याकडे ११ सेकंदात ती चूक शिळी होत होती.

मग उडी. हा भाग मला आजही सगळ्यात जास्त लागतो. उजवीकडच्या रेकॉर्डिंगमध्ये खेळाडू कड्यावरून सारखा पडत होता आणि दर वेळी "दाबलं होतं मी!" म्हणत होता. आम्ही फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक स्थिर चित्र, एक-एक करून पुढे नेली. बटण दाबल्यावर पात्र आधी गुडघ्यात वाकायचं आणि मग उडायचं, त्या वाकण्याच्या पाच फ्रेम होत्या. सेकंदाला ६० फ्रेम असतात तेव्हा पाच म्हणजे ८३ मिलिसेकंद. पहिल्या भागात शून्य, बटण दाबलं त्याच फ्रेमला उडी.

प्रोग्रामर तेवढ्याने थांबला नाही, त्याने पहिल्या भागाचा जुना कोड उघडला. बराच वेळ शोधून मग गप्प बसला. म्हटलं काय झालं? म्हणाला, "अरे, इथे एक ओळ आहे. कड्यावरून पाय सुटल्यावर पण सहा फ्रेम उडी मारता येते. मीच लिहिली असणार, पण मला आठवतच नाही." सहा फ्रेम म्हणजे ०.१ सेकंदाची माफी. हे तंत्र जुनं आहे, गेम बनवणारे त्याला कायोटी टाइम म्हणतात, 'सेलेस्ट' मध्येही उडीला ०.१ सेकंदाचीच सवलत आहे. खेळाडूला ती कधी दिसत नाही, त्याला फक्त वाटतं की आपला हात चांगला चालतोय. नवीन इंजिनात सगळं नव्याने लिहिताना ती ओळ मागे राहिली, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. थोडक्यात, "अवघड झालाय" म्हणणारे खेळाडू खोटं बोलत नव्हते, पण खोल्या अवघड झाल्याच नव्हत्या. ०.१ सेकंदाची माफी गेली होती आणि वर ०.०८ सेकंदाचा उशीर बसला होता. तेव्हा लेव्हल सोप्या करायला घेतल्या असत्या तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं झालं असतं.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. लेव्हल मोठ्या हव्या होत्या, आम्ही मोठ्या केल्या, आता लेव्हल स्क्रीनमध्ये मावेना. झोका घेऊन उडी मारली की पुढचे काटे उडीच्या मध्यावर दिसायचे. पहिल्या भागात सगळं समोर असायचं, त्यामुळे मेलो तर चूक माझी, आणि माझी चूक मी सुधारू शकतो. इथे मेल्यावर कळायचं की पुढे काटे आहेत. 'हॉटलाइन मायामी' च्या २०१५ च्या दुसऱ्या भागाबद्दल अनेकांची तक्रार हीच होती, नकाशे मोठे झाले आणि स्क्रीनबाहेरून गोळ्या यायला लागल्या, त्यामुळे पहिल्या भागात बेधडक घुसणारा माणूस कोपऱ्यात थांबून वाट बघायला लागला. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच, माणूस झोका घ्यायच्या आधी उभा राहायचा, कॅमेरा जरा पुढे सरकतोय का बघायचा. जो गेम झोक्याचा होता तो अंदाज घेण्याचा झाला.

आणि चौथी, जी सगळ्यात खोल होती आणि घड्याळात दिसत नव्हती. स्किल ट्रीमध्ये, म्हणजे नाणी देऊन पात्राची क्षमता वाढवायच्या यादीत, दोराची लांबी वाढवायचं अपग्रेड होतं. कोणाकडे आखूड दोर असणार, कोणाकडे लांब, आणि खोली दोघांनाही जमली पाहिजे. म्हणून प्रत्येक खोलीत मी काटे थोडे लांब सरकवत गेलो, छत थोडं खाली आणत गेलो, जागा सोडत गेलो. तीन वर्षांत एकही खोली अशी उरली नाही जिथे नेमका एकच झोका चालतो आणि तो सापडला की अंगावर काटा येतो. सगळ्या खोल्या सैल. हे मी माझ्या हाताने केलं आणि करताना मला वाटत होतं की मी खेळाडूला स्वातंत्र्य देतोय. शिवाय सुरुवातीचा दोर आम्ही पहिल्या भागापेक्षा आखूड ठेवला होता, का तर पुढे वाढवता यावा. म्हणजे जुन्या खेळाडूच्या हातात जे आधीच होतं ते काढून घ्यायचं आणि तुकड्या-तुकड्याने नाण्यांच्या बदल्यात परत द्यायचं.

पर्याय

चार पर्याय टेबलावर होते.

आहे तसं रिलीज करायचं आणि पॅच, म्हणजे नंतरच्या दुरुस्त्या, देत राहायचं. हा सगळ्यांना मोहात पाडणारा, पण स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, आणि आमचे पहिले दोन तास म्हणजे नमनाला घडाभर तेल होतं. खरी मजा तिसऱ्या तासात ठेवलेल्या गेमला हे परवडत नाही.

सगळं मोडून परत एका स्क्रीनच्या खोल्या करायच्या. किमान वर्षभर लागलं असतं, तेवढे पैसे नव्हते, हा पर्याय दहा मिनिटांत संपला.

नुसत्या स्वस्त दुरुस्त्या करायच्या: उडीच्या फ्रेम, ती सहा फ्रेमची माफी, मेल्यावर लगेच परत. दोन आठवड्यांचं काम.

आणि चौथा, स्वस्त दुरुस्त्या तर करायच्याच पण दोराचे अपग्रेड पूर्ण काढायचे, लांबी एकच ठेवायची आणि जमतील तेवढ्या खोल्या परत घट्ट करायच्या. याचा अर्थ रिलीज पुढे ढकलणं आणि ट्रेलरमध्ये दाखवलेली गोष्ट गेममधून काढणं.

मी चौथ्याच्या बाजूने होतो. ज्याने सात महिने स्किल ट्रीवर काम केलं होतं तो अर्थातच विरोधात, आणि त्याचा मुद्दा कच्चा नव्हता. तो म्हणाला, सीक्वेलमधून काढून कोणाचं भलं झालंय? 'डेउस एक्स' चा २००३ चा दुसरा भाग बघ, सगळ्या शस्त्रांना एकच दारूगोळा केला, लेव्हल छोट्या केल्या, लोकांनी आजपर्यंत माफ केलेलं नाही. आणि २०२० चा 'सुपर मीट बॉय फॉरेव्हर', पात्र आपोआप पळतं, दोन बटणात सगळा गेम, पहिल्या भागाचे किती चाहते त्यावर खूश आहेत? उदाहरणं बरोबर होती. पण त्या दोन्ही ठिकाणी नेमकं तेच गेलं होतं ज्यात खेळाडूचा जीव होता, एकीकडे कुठल्या शस्त्राच्या गोळ्या जपायच्या हा विचार, दुसरीकडे पळण्याचा ताबा. आमच्या गेमचा जीव झोक्यात होता आणि स्किल ट्री त्या झोक्याला सैल करत होता. हे मी सांगितलं, पण सगळ्यांसमोर, मीटिंगमध्ये, त्याच्या सात महिन्यांच्या कामावर बोट ठेवून. मुद्दा पटला तरी माणूस दुखावला.

ॲनिमेटरशी झालेलं बोलणं याच्या अगदी उलट झालं, कारण तिथे प्रोग्रामर आधी एकटा जाऊन तिच्याशेजारी बसला. "अगं, तुझं ते वाकणं काढायचं नाहीये, फक्त उडी त्याच्यासाठी थांबायला नको." तिचं म्हणणं होतं की वाकल्याशिवाय पात्राला वजन वाटत नाही. दोघांनी दुपारभर बसून तोडगा काढला: उडी पहिल्याच फ्रेमला, शरीराचा ताण उडतानाच्या आकारात दाखवायचा, आणि वाकण्याच्या त्या पाच फ्रेम जमिनीवर उतरताना वापरायच्या, जिथे त्या खेळाडूला अडवत नाहीत. आधीपेक्षा सुंदर दिसायला लागलं.

काय केलं

पहिले दोन आठवडे स्वस्त दुरुस्त्या. मग नवीन बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, त्याच जुन्या टेस्टरना दिलं आणि काय बदललंय ते मुद्दाम सांगितलं नाही. बऱ्याच जणांनी लिहिलं की लेव्हल सोप्या केल्यात ते बरं केलंत. एकाही खोलीतला एक काटासुद्धा हलवला नव्हता. त्या दिवसापासून "अवघड आहे", "सोपं आहे" हे शब्द मी फॉर्ममध्ये वाचतो, पण त्यावरून खोलीला हात लावत नाही, आधी हाताचं आणि बटणाचं बघतो.

स्किल ट्रीचा निर्णय त्यानंतर एका आठवड्याने झाला. रिलीज पाच महिने पुढे ढकललं. दोर पहिल्या भागाएवढा, कायमचा. १४० खोल्यांपैकी २८ काढून टाकल्या, त्यातल्या बहुतेक निव्वळ खोगीरभरती होत्या, नकाशा मोठा दिसावा म्हणून घातलेल्या. २००० च्या 'बँजो-टूई' मध्ये जग पहिल्या भागापेक्षा खूप मोठं केलं होतं आणि त्याबरोबर इकडून तिकडे फेऱ्या पण वाढल्या होत्या, हे मी लहानपणी स्वतः खेळताना कंटाळून अनुभवलंय आणि तरी तीच चूक केली. उरलेल्या ११२ पैकी पहिल्या ५५ खोल्या मी परत बांधल्या. अवघड जागी कॅमेरा मागे घेऊन स्थिर केला म्हणजे पूर्ण खोली दिसते. प्रत्येक खोलीच्या दारात चेकपॉइंट, संवाद एका बटणाने पुढे ढकलता येतील असे.

खोली घट्ट करणं म्हणजे नेमकं काय ते एका उदाहरणाने सांगतो. बाविसावी खोली. दोन काट्यांच्या भिंती, मध्ये छताला एकच कडी. जुन्या रूपात कडीपासून भिंतीपर्यंत इतकी मोकळी जागा होती की झोका कसाही घ्या, कधीही सोडा, पलीकडे पोचायचात. कडी डावीकडे फक्त दोन चौकोन सरकवली आणि उजवी भिंत एक चौकोन उंच केली. आता पहिल्या झोक्यात सोडलं तर भिंतीला धडकता, थांबून दुसरा झोका घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या झोक्यात दोर पूर्ण ताणला गेला की पायाखालून काटे अगदी निसटते जातात. तीन चौकोनांचा फरक. टेस्टमध्ये लोक या खोलीत सगळ्यात जास्त मरायला लागले आणि एकानेही तिथे गेम बंद केला नाही.

उरलेल्या ५७ खोल्यांना हात लावायला वेळच पुरला नाही. लांबी एकच झाल्याने त्या खेळता येत होत्या, पण सैल त्या सैलच राहिल्या.

निकाल

तोच मोकळ्या वीस मिनिटांचा प्रयोग नवीन बारा जणांवर परत केला. या वेळी सहा पहिल्याकडे गेले, सहा दुसऱ्याकडे. आम्ही जिंकलो असं म्हणता येणार नाही, पण नऊ-तीनवरून सहा-सहा झालं तेव्हा टीममध्ये कितीतरी आठवड्यांनी कोणीतरी मोठ्याने हसलं.

रिलीज झाल्यावर पैसे परत मागणारे होते, भीती होती तेवढे नव्हते. रिव्ह्यूंमध्ये जे वारंवार आलं ते वाचून मला आनंद आणि त्रास एकदमच झाला: पहिला अर्धा भाग जबरदस्त, नंतर रेंगाळतो. जिथे मी पोचू शकलो नाही बरोबर तिथूनच लोकांना रेंगाळल्यासारखं वाटत होतं, त्यांना आमचा ५५ चा आकडा माहीत नसताना.

किंमतही मोजावी लागली. ट्रेलरमधला स्किल ट्री गेममध्ये नाही म्हणून काही जुने खेळाडू रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता, जे दाखवलं ते दिलं नाही. आम्ही रिलीजच्या आधी स्पष्ट लिहून कळवायला हवं होतं, आम्ही ते बारीक अक्षरातल्या अपडेटमध्ये टाकलं. आणि स्किल ट्री बनवणारा सहकारी रिलीजनंतर महिन्याभराने टीम सोडून गेला. जाताना भांडला नाही, पण मला माहीत आहे कुठल्या मीटिंगपासून तो मनाने निघाला होता.

आज परत करायचं झालं तर

सीक्वेलची पहिली ओळ लिहायच्या आधी पहिला भाग समोर ठेवून तो का चालतो हे कागदावर उतरवायचं, आणि त्यात अपघाताने झालेल्या गोष्टी पण घ्यायच्या, उलट त्या आधी घ्यायच्या. स्क्रीनएवढी खोली, एकच दोर, ती सहा फ्रेमची ओळ, तिन्ही अपघात होते आणि तिन्ही खांब निघाले. मागण्यांची शीट टाकून देणार नाही, पण तिच्यावरून प्लॅन बनवणार नाही. आणि शेजारी-शेजारी दोन स्क्रीनची ती संध्याकाळ आम्ही तीन वर्षांनी केली, ती तिसऱ्या महिन्यातच करायला हवी होती, तेव्हा एक कच्ची खोली पण पुरली असती.

अजून एक गोष्ट, आणि तिची हळहळ मला सगळ्यात जास्त वाटते. अगदी पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की आकडा हलणाऱ्या वस्तूला लागू दे. दगडी पाळणा जातोय, त्याला लटका, त्याची गती तुमच्या झोक्यात मिसळू दे. बाकी काहीच नवीन नको. मागण्यांच्या शीटमध्ये हे कुठेच नव्हतं, म्हणून शेवटी सात खोल्यांत कुठेतरी बसवलं आणि पुढच्या कामाला लागलो. नंतर सगळी रेकॉर्डिंग परत बघताना लक्षात आलं की सीक्वेलमध्ये माणसं नवव्या खोलीसारखं हसली ती फक्त या सात खोल्यांत. एक जुनी खेळाडू, पहिला भाग कोळून प्यायलेली, पाळणा खाली येत असताना दोर सोडते आणि अपेक्षेपेक्षा दुप्पट लांब फेकली जाते, थेट काट्यांत, मरते, आणि तिच्या तोंडून निघतं, "अरे थांब थांब, हे काय होतं, परत!"

तेरा सेकंदांची ती क्लिप मी वेगळी काढून ठेवलीये. सध्या आम्ही चौघंच आहोत आणि पाळण्याच्या त्या सात खोल्यांपासून नव्याने सुरुवात केलीये, स्क्रीनएवढ्याच खोल्या, दोर एकाच लांबीचा. मागच्या आठवड्यात अकरावी खोली झाली.